न गळणारी बाटली आणि पाण्याचा धर्म

प्रवासात बरोबर घेतलेल्या पाण्यावर पहिला हक्क कोणाचा? ते वाहून नेणाऱ्याचा, की वाटेत भेटलेल्या तहानलेल्याचा? धर्मविचारात हा प्रश्न जुना आहे. दुहेरी भिंतीची, घट्ट झाकणाची, थंड पाणी दिवसभर थंड ठेवणारी स्टीलची बाटली आता अनेक प्रवाशांच्या पिशवीत असते, आणि तिच्यामुळे तो नव्याने उभा राहतो. न गळणे हा या बाटलीचा सर्वांत मोठा गुण. पाणी मात्र देण्याची वस्तू आहे, असे या देशातल्या जवळजवळ सगळ्या परंपरांनी सांगितले आहे. म्हणून चांगली बाटली कोणती हे ठरवताना धातू, झाकण आणि किंमत यांच्यासोबत हाही विचार करावा लागतो.

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातले काठी हे सातपुड्याच्या आतले गाव या प्रश्नासाठी योग्य ठिकाण आहे. इंग्रजी अमलात काठी हे मेहवासी संस्थानांपैकी एक होते. आज ते महाराष्ट्रभर ओळखले जाते ते तिथल्या राजवाडी होळीमुळे. तळोदा आणि अक्कलकुव्याच्या सपाटीवरून देवगोईचा घाट चढून मोलगीकडे निघाले की उन्हाळ्यात पाण्याची किंमत लगेच कळते. पावसाळ्यात डोंगरावरून धो धो उतरणारे ओढे फाल्गुन-चैत्रात कोरडे पडतात. मग ओढ्याच्या वाळूत झिरा खणायचा, तळाशी हळूहळू जमणारे पाणी वाटीने किंवा तांब्याने हंड्यात भरायचे आणि चढण चढून घरी आणायचे. हे काम बहुतेक बायकांच्याच वाट्याला येते. तिथे पाणी म्हणजे नळ सोडला की येणारी वस्तू नसते. घोटाघोटामागे कोणाची तरी चाल असते.

याच डोंगरातून नर्मदेच्या परिक्रमेची एक वाट जाते. सरदार सरोवराच्या पाण्याखाली काठाची जुनी वाट गेली. तेव्हापासून दक्षिण तटाने चालणारे काही परिक्रमावासी शहादा, प्रकाशा, तळोदा असे सपाटीने जातात, तर काही शूलपाणीच्या झाडीचा आग्रह धरून धडगाव, मोलगी, वडफळी या बाजूने डोंगर ओलांडतात. या लोकांच्या सामानाकडे जवळून पाहिले की प्रश्नाचा गाभा हाती येतो, कारण त्यांच्याजवळ पाण्याची दोन पात्रे असतात. परिक्रमेचा संकल्प सोडताना, बहुधा ओंकारेश्वरी, एका लहान बाटलीत नर्मदेचे पाणी भरून घेतात. ही बाटली म्हणजे नर्मदा मैयाच. मुक्कामी तिची पूजा होते, आरती होते. वाटेत तटावर आले की त्यातले थोडे पाणी नदीत सोडून नवे भरतात आणि परिक्रमा पूर्ण झाल्यावर ते ओंकारेश्वरी अर्पण करतात. परंपरेने 3 वर्षे 3 महिने 13 दिवसांची मानलेली ही यात्रा या लहान बाटलीच्या सोबतीने चालते. दुसरे पात्र पिण्याच्या पाण्याचे. पूर्वी तो कमंडलू किंवा लोटा असे. आता प्लास्टिकची किंवा स्टीलची बाटली असते.

पहिल्या बाटलीतले पाणी कोणी पीत नाही आणि कोणी मागतही नाही. ते राखायचेच असते. दुसऱ्या बाटलीतले पाणी पिण्याचे आहे, म्हणून ते मागता येते आणि देताही येते. एकाच खांद्यावर राखायचे पाणी आणि द्यायचे पाणी शेजारी शेजारी असते, आणि चालणाऱ्याला त्या दोघांत गल्लत करून चालत नाही. रोजच्या प्रवासात घोटाळा होतो तो इथेच. पिण्याची बाटली हळूहळू पूजेच्या बाटलीसारखी होऊन बसते. ती माझी, कोणी हात लावायचा नाही, कोणी मागायचे नाही.

पात्र कसे असावे याचा विचार धर्मशास्त्राने केलेला आहे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात यतीने धातूची भांडी वापरू नयेत असे सांगितले आहे. भोपळा, लाकूड, माती आणि बांबू यांची पात्रे त्याला चालतात, मात्र ती छिद्र किंवा चीर नसलेली असावीत अशी अट तिथेच आहे. भांडे मोलाचे नसावे, पण गळकेही नसावे. मोलाचे भांडे असले की चोराची भीती, आणि भीतीबरोबर आसक्ती येते. गळके असले की पाण्यासाठी पुन्हा पुन्हा गृहस्थाच्या दारी उभे राहावे लागते. म्हणजे न गळण्याचा आग्रह संन्याशालाही होता, आणि त्याचा हेतू दुसऱ्याला कमी तोशीस पडावी हा होता. बौद्ध भिक्षूच्या आठ परिष्कारांत तर पाणी गाळण्याचे साधनही येते, कारण पाण्यातल्या जिवाची हिंसा घडू नये. पाण्याच्या भांड्यावरून माणसाचे इतर जिवांशी नाते कसे असावे हे ठरते, हा विचार दोन्हींकडे सारखा आहे.

मनूने सांगितलेले भोपळ्याचे पात्र सातपुड्यात संन्याशाचे न राहता शेतकऱ्याचे झाले. वाळवलेल्या दुधी भोपळ्याचा तुंबा हे डोंगरातले पाणी नेण्याचे जुने साधन. भोपळा वेलावर पूर्ण पिकून टणक होऊ द्यायचा, देठाकडून भोक पाडून आतला गर आणि बिया काढायच्या, वाळवायचा, मग पाणी भरून ओतून कडवटपणा जाईपर्यंत धूत राहायचे. तुंबा हलका असतो आणि त्याच्या चिवट कवचातून पाणी झिरपत नाही. तोंड अरुंद असल्याने चालताना हिंदकळून पाणी वाया जात नाही, आणि ओतताना धार बारीक पडते. काठीच्या होळीत मोरपिसांचे टोप घातलेले, अंगावर नक्षी रेखलेले जे नाचणारे येतात त्यांच्या कमरेला हेच वाळके भोपळे आणि घुंगरे बांधलेली असतात. पालनी, म्हणजे व्रत, म्हणून त्यांतले अनेक जण त्या दिवसांत ब्रह्मचर्य पाळतात, खाटेवर झोपत नाहीत. रात्रभर ढोल वाजतो आणि पहाटे होळी पेटते. रानात जो तुंबा पाणी वाहतो त्याचाच भाऊबंद व्रताच्या रात्री कमरेवर वाजतो. रोजच्या वस्तूला देवाच्या कामात इतकी सहज जागा देणारी संस्कृती पाण्याच्या भांड्याला नुसते सामान समजत नाही.

पात्राच्या धार्मिक उपयोगाची दोन टोके मराठी माणसाला घरातूनच माहीत असतात. एक टोक म्हणजे गंगेचा गडू. काशीहून आणलेला तांब्याचा गडू तोंड झाळून पक्का बंद केलेला असतो. वर्षानुवर्षे तो देव्हाऱ्यात राहतो आणि एखाद्याच्या अंतकाळी फोडून मुखात गंगा घालतात. इतके न गळणारे भांडे दुसरे नाही. तरी ते एका घोटासाठीच राखलेले असते, आणि तो घोट राखणाऱ्याचाच असेल असेही नाही. दुसरे टोक म्हणजे शंकराच्या पिंडीवर टांगलेले अभिषेकपात्र. त्याच्या बुडाला मुद्दाम भोक असते आणि उन्हाळ्यात थेंब थेंब पाणी पिंडीवर पडत राहते. तिथे गळणे हीच पूजा. आदिवासी विधीत मोहाच्या दारूची धार प्रथम जमिनीवर, देवाला आणि पूर्वजांना सोडतात आणि मग माणसे पितात. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने मातीची घागर भरतात. वैशाखात पाण्याने भरलेल्या घटाचे दान मोठे मानतात, कारण ते तहानेच्या महिन्यात होते.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी दिसते. पाणी राखणे आणि पाणी सोडणे या दोन्हींना धर्मात मान आहे. मान नाही तो नकळत वाया जाण्याला. अभिषेकपात्राचे भोक कोणीतरी विचार करून पाडलेले असते. पिशवीत सांडलेली बाटली कोणाच्याच कामी येत नाही, ती देवालाही पोचत नाही आणि तहानेलाही. म्हणून न गळणारी बाटली हवी असे म्हणण्यात कंजूषपणा नाही. पाणी कोणाला द्यायचे ते झाकणाच्या फटीने न ठरवता माणसाने ठरवावे, इतकाच त्याचा अर्थ.

एकनाथांची कथा या ठिकाणी आठवते ती उगाच नाही. पैठणचे एकनाथ (1533–1599) काशीहून गंगाजलाची कावड घेऊन रामेश्वराकडे निघालेले असताना वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि त्यांनी देवासाठी आणलेले पाणी त्याला पाजले, अशी ही परंपरेतली कथा. ती भूतदयेची म्हणून सांगितली जाते आणि ते बरोबरच आहे. पण तिच्यात आणखी एक गोष्ट गृहीत आहे, तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. शेकडो कोस चालूनही कावडीत पाणी शिल्लक होते. नाथांच्या घागरी वाटेत गळून रिकाम्या झाल्या असत्या, तर गाढवापाशी दया उरली असती, पाणी उरले नसते. दयेला साधन लागते, आणि ते साधन नीट राखणे हाही दयेचाच भाग आहे. कथेतले धैर्य मात्र राखण्याचे नाही. ज्याच्यासाठी इतके राखले तो देव सोडून समोरच्या जिवासाठी झाकण उघडले, हे धैर्य. पूजेच्या बाटलीतले पाणीसुद्धा अशा वेळी पिण्याचे होते, असा नाथांचा निर्णय आहे.

पाणी देण्याला व्यक्तीच्या दयेपेक्षा मोठे, कायमचे रूप देण्याचा प्रयत्नही या भूमीत फार जुना आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या 10 क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला लेख आहे. काही नद्यांवर त्याने विनामूल्य नावा ठेवल्या आणि त्या नद्यांच्या दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया बांधल्या, असे त्यात म्हटले आहे. त्या नद्यांत तापीचे नाव आहे. हीच तापी आज नंदुरबार जिल्ह्यातून वाहते आणि प्रकाशाच्या तीर्थाला तिच्यामुळेच महत्त्व. प्रवाशाने आपले पाणी आपणच वाहावे अशी अपेक्षा त्या काळच्या दानशूराने केली नाही. वाटेची तहान ही वाटेची जबाबदारी मानली. जिथे पाणपोई आहे तिथे बाटली हलकी होते, आणि जिथे पाणपोई उरली नाही तिथे प्रत्येकाला आपापले पाणी पाठीवर घ्यावे लागते. बसस्थानकावर बाटलीबंद पाणी विकत मिळते आणि रांजण दिसत नाही, तेव्हा बाटलीचे वजन थोडे समाजाच्या हिशेबातही मांडायला हवे.

तरी पाणपोईचे गुणगान करताना एक कडू सत्य झाकून चालणार नाही. पाणपोईचे आणि पाणवठ्याचे पाणी सगळ्यांना मिळत नव्हते. 1901 साली साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघालेल्या भीमराव आंबेडकरांना आणि त्यांच्याबरोबरच्या मुलांना वाटेत जवळ भरपूर खाणे असूनही पाणी मिळाले नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात बाबासाहेबांनी हा प्रवास लिहून ठेवला आहे. जोतीराव फुल्यांनी 1868 मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, आणि 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी हजारोंच्या साक्षीने पाणी प्यायले. दान म्हणून मिळणारे पाणी आणि हक्क म्हणून मिळणारे पाणी यांतला फरक मराठी समाजाला महाडने शिकवला. या इतिहासाच्या उजेडात स्वतःची भरलेली बाटली ही अपमानापासून मिळालेली सुटका ठरते. ज्याला पाणी कोणाकडे मागावे लागत नाही त्याला जातही सांगावी लागत नाही. बंद बाटलीवर आपमतलबीपणाचा शिक्का मारण्याआधी हे लक्षात घ्यायला हवे. पण सुटकेचे हेच साधन दुसऱ्याला नाकारण्याचे साधन व्हायला वेळ लागत नाही. आपली बाटली दुसऱ्याने तोंड लावून विटाळू नये, ही स्वच्छतेची काळजी कधी असते आणि जुन्या विटाळाची सावली कधी, हे ज्याचे त्यानेच प्रामाणिकपणे तपासावे.

घेणाऱ्यालाही धर्म आहे, आणि काठीसारख्या गावात तो देणाऱ्याच्या धर्माहून अवघड ठरतो. डोंगरातल्या घरी पाहुणा आला की आधी पाणी पुढे येते. त्या घरातले कोणी नाही म्हणत नाही. म्हणूनच परिक्रमावाशाने, होळी पाहायला आलेल्या शहरी माणसाने किंवा कामानिमित्त फिरणाऱ्या कर्मचाऱ्याने दोन लिटरची बाटली पुढे करून ती काठोकाठ भरून घेणे म्हणजे झिऱ्यावरच्या एका फेरीतला मोठा वाटा उचलणे होय. परिग्रहाचा दोष फक्त धनाला लागत नाही. गरजेपेक्षा जास्त भरून घेतलेले आणि संध्याकाळी मुक्कामी गेल्यावर रस्त्यावर ओतलेले पाणी हाही परिग्रहच. निघताना पाणी मुबलक असलेल्या ठिकाणीच, मोलगी किंवा अक्कलकुव्यासारख्या बाजारगावी, बाटली पूर्ण भरावी आणि वस्तीवर घोटभरच घ्यावे, हे साधे भान आहे.

आता बाटलीकडे वळता येते, कारण वरच्या विचारातून तिचे निकष आपोआप निघतात. पोकळीने उष्णता अडवण्याची युक्ती जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने 1892 मध्ये काढली, आणि 1904 पासून जर्मनीत तिचे ‘थर्मास’ बनू लागले. दोन भिंतींमधली हवा काढून टाकली की वहन आणि अभिसरण या दोन वाटा जवळजवळ बंद होतात. भिंतीची चकाकी तिसरी वाट, म्हणजे किरणांनी जाणारी उष्णता, बरीच अडवते. जुन्या थर्मासची आतली काच धक्क्याने फुटे. आताच्या बाटलीत दोन्ही भिंती पोलादाच्या असतात, त्यामुळे घाटातली जीप आदळली तरी तिला फारसे काही होत नाही. उरलेली उष्णता मुख्यतः तोंडातून आणि झाकणातून येते-जाते. म्हणून झाकण पोकळ, जाड आणि आतून उष्णता अडवणारे असावे.

ही बाटली पाणी थंड करत नाही, फक्त जसे भरले तसे ठेवते, हे विसरले जाते. माठ पाणी थंड करतो, कारण तो पाझरतो. बाहेर आलेला ओलावा वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातो. थोडे पाणी गमावून माठ उरलेले थंड करतो. बाटली काहीच गमावत नाही, म्हणून तिला गारवा दुसरीकडून घ्यावा लागतो. रात्री माठातले पाणी भरून निघणे हा खानदेशी उन्हाळ्यातला सर्वांत चांगला मेळ.

गळतीची परीक्षा दुकानातच करावी. बाटलीत कोमट पाणी तीन-चतुर्थांश भरून झाकण लावावे, वर्तमानपत्रावर उलटी धरावी, दोन्ही हातांनी हलवावी आणि काही मिनिटे आडवी ठेवावी. थंड पाण्यापेक्षा कोमट पाणी हे कठीण परीक्षक, कारण आतली हवा तापून फुगते आणि झाकणावर दाब देते. त्यातही न गळणारी बाटली रोजच्या प्रवासाला चालते. फिरकीचे झाकण सर्वांत भरवशाचे. बटण दाबले की उघडणाऱ्या, नळी वर येणाऱ्या झाकणांत जोड जास्त आणि प्रत्येक जोड ही गळतीची जागा. झाकणातली सिलिकोनची कडी निघणारी हवी. ती न निघाली तर तिच्याखाली काळा बुरा धरतो, आणि एक दिवस पाण्याला वास येतो. सुटी कडी मिळते का हेही विचारून घ्यावे, कारण बाटली निकामी होते ती बहुधा याच कडीमुळे. आतले पोलाद 304 प्रतीचे असावे आणि भारतीय मानक चिन्ह पाहावे. गरम पाणी भरून काही वेळाने बाहेरची भिंत तापली, तर पोकळी फुटली असे समजावे.

धर्मशास्त्राच्या शुद्धिविचारात धातूची भांडी राख, पाणी आणि आंबट यांनी शुद्ध होतात, तर विटाळलेले मातीचे भांडे पुन्हा भाजावे लागते. पोलादाची बाटली या अर्थाने सहज शुद्ध होणारी आहे. लिंबू किंवा चिंचेच्या पाण्याने ती निर्मळ होते. तिला खरोखर अशुद्ध करते ते न धुणे. कोणी प्यायले, याने ती अशुद्ध होत नाही.

सर्वांत महत्त्वाचा निर्णय तोंडाचा. चोखून प्यायच्या नळीची बाटली एकाच्याच ओठांसाठी बनवलेली असते. तिच्यातून दुसऱ्याच्या ओंजळीत पाणी घालताच येत नाही. ज्या देशात वरून धार धरून, भांड्याला तोंड न लावता पाणी पिण्याची सवय शतकांची आहे, त्या देशात ही बाटली देण्याचा मार्गच बुजवते. रुंद तोंडाची बाटली घासायला बरी, पण चालत्या गाडीत धार धरताना सांडते. यापेक्षा तुंब्यासारखे अरुंद तोंड आणि वर पेल्याचे झाकण असलेली बाटली अधिक योग्य. पेला दुसऱ्याच्या हाती देता येतो, म्हाताऱ्या माणसाला पाजता येतो, तहानलेल्या कुत्र्यापुढेही ठेवता येतो. आकार एक लिटरचा पुरे. भरल्यावर तिचे वजन दीड किलोच्या आसपास होते, आणि त्याहून जास्त पाणी ज्याला लागते त्याने दोनदा भरावे. फार महागडी बाटली टाळावी. तिच्यावर ओरखडा पडेल ही काळजी करत बसलेला माणूस ती सहप्रवाशाच्या हाती देत नाही, हे यतीच्या पात्राविषयीच्या नियमाने केव्हाच ओळखले होते.

तेव्हा घाट चढणाऱ्या एसटीत किंवा जीपमध्ये बसताना घ्यावी ती पोलादाची, एक लिटरची, फिरकीच्या झाकणाची, वर पेला असलेली, उलटी धरून पारखलेली बाटली. ती बाजारगावी भरून घ्यावी, शेजारच्याने मागण्याची वाट न पाहता पेला आधी त्याच्यापुढे करावा, आणि मगच स्वतः प्यावे.